सहा तारांवरचं ग्रीस

आधी 'वन' काय असते ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही.

स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर 10 मधल्या एका क्वार्टरच्या व्हरांड्यात आमचा गिटारचा क्लास होता. सात-आठ जण, प्लास्टिकच्या खुर्च्या, मधात स्टुलावर टिकटिक करणारं मेट्रोनोम. पयलं एक वर्ष गाणं नाही. फक्त स्केल. सी, जी, डी, ए, असे सात मेजर स्केल, खालून वर जाचं अन् वरून खाली याचं. तार छेडाची पिक धरलेल्या हाताच्या पंजावर सर काडीपेटी ठेवत. काडीपेटी पडली किंवा सूर चुकला, की बाकीच्या सगळ्यांनी एकदम म्हणाचं, "वन." म्हणजे पुन्हा पयल्यापासून. ज्याचं चुकलं त्यानं मान वर कराची नाही, सॉरी म्हणाचं नाही, गुपचूप पयल्या सुरावर बोट ठेवाचं. सातव्या स्केलच्या शेवटच्या सुरावर चुकलं तरी पयल्या स्केलपासून.

अन् खरं सांगू? लय मजा येत होती. स्वतःचं नाही चुकलं तर 'वन' म्हणण्यासारखी मजा जगात नाही. काही जण हळू म्हणत, तोंडातल्या तोंडात. मी टाळी वाजवल्यासारखी म्हणत होती.

सर आमच्यातलेच, भंडाऱ्याकडचे, पण क्लासमध्ये कधी मराठीचा एक शब्द काढला नाही. हिंदीच. पयल्याच दिवशी मी विचारलं होतं का सर गाणं कधी शिकवणार, तर चहा पीत पीत म्हणाले, "गाना तो ट्रेन में भिखारी भी बजा लेता है।" सगळे हसले. मीही हसली. तेव्हापासून मी ठरवलं का मी भिखारी होणार नाही.

दुसरा नियम असा का स्केलची परीक्षा पास व्हायच्या आधी कोणी कुठं गाणं वाजवलेलं सरांच्या कानावर गेलं, तर त्याचं नाव कट. घरी नाही, कॉलेजात नाही, कोणाच्या बर्थडेले नाही. एक पोरगी मोबाईलवर व्हिडिओ टाकून गेलीच होती कामातून. तिची खुर्ची सरांनी आतमध्ये नेऊन ठेवली अन् तिच्यावर कुंडी ठेवली. ती कुंडी आमाले व्हरांड्यातून दिसत राहे.

आता बाबाचं सांगते, कारण गिटार त्याच्यामुळंच घरात आली.

बाबा प्लांटमध्ये फिटर. रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सले, तेहतीस वर्षं. जानेवारीच्या एकतीसले रिटायर होणार होते. आमच्याकडं रिटायरमेंट म्हणजे काय असते, बायेरच्याले सांगाव लागते. शेवटच्या दिवशी शॉपमधले सगळे हार घालतात, शाल देतात, अन् मंग जीपमध्ये बसवून, पुढं ढोल लावून, माणसाले घरापर्यंत सोडाले येतात. क्वार्टरसमोर मंडप असतो. नाश्ता असतो. कोणी भाषण देते, कोणी रडते. बाबानं तेहतीस वर्षं दुसऱ्यांना सोडाले जाऊन जाऊन पाहून ठेवलं होतं. त्याले त्या मंडपात एक गाणं म्हणाचं होतं. एकच. त्याचे काका विहारात म्हणत, बाबासाहेबांवरचं जुनं गाणं, कुठं छापलेलं नाही, त्याच्याच घरात राहिलेलं. अन् बाजूले मी गिटार घेऊन बसणार. बस, एवढंच. हे त्यानं वर्षभर आधीपासून पूर्ण शॉपमध्ये सांगून ठेवलं होतं. रस्त्यात कोणी त्याच्या शॉपमधला भेटला तर मले म्हणे, "काय बेटा, एकतीसची तैयारी चालू हाय ना?"

म्हणून गिटार आणली. म्हणून क्लास.

मंग घरी सकाळ-संध्याकाळ स्केल चालू. आईचा जीव गेला. पोळ्या लाटता लाटता म्हणे का ही पोरगी दिवसभर जिना चढते अन् उतरते, वरच्या माळ्यावर काय ठेवलं हाय ते मात्र कोणाले दाखवत नाही. बाबा मात्र सेकंड शिफ्टले जायच्या आधी जेवताना मान हलवत ऐके. त्याले वाटे मी ग्रेट काम करून राहिली. एकदा त्यानं माह्या डाव्या हाताची बोटं धरून पाहिली, तारेनं टोकाले घट्टे पडले होते. लय खूश झाला. म्हणाला, आता तू बी कामगार झाली.

मी त्याले म्हटलं होतं का चार कॉर्ड असतात फक्त तुमच्या गाण्याले, मी मोबाईलवर पाहून दोन दिवसात बसवते, पण सर नाव कापतील. तर बाबाच म्हणाला, नाही. फाउंडेशन पक्कं झाल्याशिवाय मशीन चढवत नाही कोणी. सर सांगून राहिले ते बरोबर हाय. आपण थांबू.

म्हणजे तो थांबला होता. हे लक्षात ठेवा.

क्लासमध्ये एक आंटी होती. रेल्वेत क्लर्क, पंचेचाळीस-पन्नासची, दुर्गवरून ड्यूटी करून सरळ यायची, ओढणी खांद्यावर पिनेनं लावलेली. तिची करंगळी पोहोचतच नव्हती चौथ्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या चौथ्या पट्टीवर. जी मेजरमध्ये दर वेळी तिथंच चुके. अन् दर वेळी मी सगळ्यांच्या आधी 'वन' म्हणे. इतकी आधी का कधी कधी ती चुकायचीच राहे अन् मी म्हणून टाके, मंग ती घाबरून खरंच चुके. मले हे जमत होतं. श्वास घेतल्याचा आवाज केला तरी तिचं बोट हले. सरांनी एकदा ते पाहिलं अन् गालात हसले. तेव्हापासून सर मले सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसवाले लागले, आंटीच्या एकदम समोर.

आंटीनं एकदा क्लास सुटल्यावर मले विचारलं होतं, बेटा तू किसलिए सीख रही है. मी तिले बाबाचं सगळं सांगितलं. एकतीस तारीख, जीप, मंडप, गाणं. फुशारकीनंच सांगितलं. ती म्हणाली, बहुत अच्छा. अन् पर्समधून मले एक पेपरमिंट दिली. पुढच्याच दिवशी मी तिले अकरा वेळा 'वन' म्हटलं. मोजून.

परीक्षा सरांनी वीस तारखेच्या शनिवारी ठेवली. फक्त माही. सात स्केल, दोन-दोन ऑक्टेव, मेट्रोनोम एकशेवीसवर, एका टिकमध्ये दोन सूर. पास झाली तर गाणं उघडलं. बाबाले अकरा दिवस भेटत होते. त्यानं कॅलेंडरवर वीसले बारीक गोल केला होता अन् एकतीसले मोठा.

त्या दिवशी बाबाची सुट्टी होती. मी सकाळी कॉलेजले गेली, दुपारी येऊन जेवली, कव्हर खांद्यावर टाकलं अन् स्कूटी काढली. कव्हर उघडून पाहिलं नाही. बाबा गेटवर उभा होता. गेट उघडून दिलं. आमचं गेट कधी वाजत नव्हतं, बाबा दर महिन्याले त्याच्या कब्ज्यात, बिजागऱ्यांत, तेल टाके. गेट, पंखा, शिलाई मशीन, सायकल, सगळ्याची त्याची तारीख राहे. काही तरी सांगाचं होतं त्याले, चेहरा असा होता, सरप्राइज असल्यासारखा, पण म्हणाला फक्त, "आरामात वाजव."

क्लासमध्ये सगळे आले होते. आंटी पण. मी खुर्चीवर बसली, कव्हरची चेन उघडली.

वास आला.

डोळ्यानं पाहायच्या आधी मले समजलं. बाबा शिफ्टवरून आला का दारात पयले तो वास येते, मंग बाबा येते. ग्रीस. गिटारच्या सहाही तारांवर, वरपासून खालपर्यंत, एकसारखं, पातळ, एकदम नीट लावलेलं ग्रीस. तारांचे कान पिळाच्या चाब्यांना पण. कुठं थेंब नाही, कुठं डाग नाही. लाकूड तर चमकवलं होतं. तारांना घामानं जंग चढलं होतं, ते त्यानं पाहिलं असणार. त्याच्याकडं नवीन बेअरिंग येते तेच ग्रीसमध्ये बुडवून येते. पार्ट सांभाळाचा म्हणजे ग्रीस लावाचं, तेहतीस वर्षं त्यानं हेच केलं. त्यानं परीक्षेच्या दिवशी माह्या गिटारले सांभाळून ठेवलं होतं.

मी पिक मारली. भोकाच्या बालटीवर काडी मारल्यासारखा आवाज आला. बोट ठेवलं तर घसरून दुसऱ्या फ्रेटवर.

"वन," सगळे म्हणाले.

आंटीचा आवाज सगळ्यात मोठा होता. मले अजून आठवते, तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती अन् माह्याकडं सरळ पाहून म्हटलं.

पुन्हा मारली. पुन्हा "वन." पाच-सहा वेळा झालं. सर उठून आले. वाकले, नाक लावून वास घेतला, बोटानं तार पुसून बोट पाहिलं. म्हणाले, "ये क्या लगा के लाई है?"

आता इथं मी काय म्हटलं ते ऐका. मी काहीही म्हणू शकत होती. माहीत नाही सर, असं म्हणू शकत होती. चूक झाली म्हणू शकत होती.

मी म्हटलं, "सर, पापा फिटर हैं ना। उनको लगा साइकिल की चेन है।"

हसू फुटलं सगळ्यांना. सर पण हसले. सर कधी हसत नव्हते, गालात हसणं वेगळं, हे खरंखुरं. अन् मले असं चढलं, असं चढलं का मी थांबलीच नाही. म्हटलं, सर घर में कुछ नहीं छोड़ते, पंखा, गेट, मशीन, सब में. मम्मी को डर लगता है किसी दिन दाल में तड़के की जगह ग्रीस डाल देंगे. मी बाबाची अॅक्टिंग पण करून दाखवली, डोळ्यावर चष्मा ओढून, जीभ दातात धरून, बोटानं बारीक बारीक ग्रीस लावून राहिला तशी. मी पाहिलं नव्हतं त्याले लावताना. पण मले बरोबर माहीत होतं तो कसा लावत असेल. म्हणून अॅक्टिंग लय चांगली झाली.

सरांच्या डोळ्यातून पाणी आलं हसून हसून. ते आत गेले अन् स्वतःची गिटार घेऊन आले. त्या गिटारले त्यांनी कोणाले हात लावू दिला नव्हता कधी. माह्या मांडीवर ठेवली, काडीपेटी माह्या पंजावर ठेवली, अन् पयल्यांदा मराठीत बोलले. "तुह्या बापाले सांग, हे मशीन नोहे."

मले इतका आनंद झाला का सर माह्याशी मराठीत बोलले.

मी सातही स्केल एका झटक्यात वाजवले. एकशेवीसवर. काडीपेटी हललीसुद्धा नाही. शेवटचा सूर लागला तेव्हा कोणीच काही बोललं नाही, अन् आमच्या क्लासमध्ये कोणीच काही न बोलणं म्हणजे पास.

हो. मी पास झाली. वीस तारखेले, बाबाच्या अकरा दिवस आधी.

मंग सर डायरी पाहून म्हणाले का एकतीसले संध्याकाळी पद्मनाभपुरले एका मोठ्या घरी प्रोग्राम हाय, स्टेज हाय, त्यांच्या ग्रुपसोबत मी येऊ शकते. पास झालेल्यालेच नेतात. एकतीसले बाबाचं हाय, हे माह्या ओठावर आलं होतं. पण माह्या आधी आंटीच बोलली, सर उस दिन तो इसके पापा का रिटायरमेंट है, ये वहाँ बजाने वाली है.

सरांनी विचारलं काय वाजवणार. कोणी तरी मागून म्हटलं, वो जयंती वाला कुछ. सरांनी भुवया वर केल्या, बस, एवढंच केलं, अन् म्हणाले ज्याले तिकडं जाचं असेल त्यानं तिकडं जावं.

मी म्हटलं, "नहीं सर, वो तो दिन में है। शाम को फ्री हूँ।"

आंटीनं माह्याकडं पाहिलं. पेपरमिंट देताना पाहिलं होतं तसं नाही.

स्कूटीवर घरी येताना मी खोटं बनवलं. सेक्टर 10 पासून आमच्या क्वार्टरपर्यंत दहा मिनिटं लागतात, अन् पयल्या पाच मिनिटातच ते तैयार झालं, इतकं सोपं होतं. सगळं सामान तर बाबानंच देऊन ठेवलं होतं.

तो गेटवरच होता. विचारलं, "झालं?"

"फेल झाली," मी म्हटलं. "ग्रीस लावलं ना तुमी. बोटं घसरली. सगळे हसले."

त्यानं पयले स्वतःच्या हाताकडं पाहिलं. दोन्ही बाजूनं. मंग म्हणाला, जंग चढलं होतं बेटा. मी आत गेली. तो माह्या मागं मागं आला. म्हणाला सर दुसऱ्या वेळी घेतील ना परीक्षा? मी म्हटलं पुढच्या महिन्यात. तो कॅलेंडरकडं पाहात उभा राहिला. आई गॅसजवळून ओरडली का सांगितलं होतं त्या माणसाले, प्रत्येक वस्तू तुह्या बापाची मशीन नसते. बाबानं खुंटीवरचा शर्ट काढला.

मंग म्हणाला, "मी येतो सरांकडं. हात जोडतो. माही चूक हाय, पोरीची नाही, असं सांगतो. ते समजतील."

शर्ट घालाले लागला होता खरंच. एक बाही घातली होती. तो तिकडं गेला असता तर दोन मिनिटात सगळं बायेर आलं असतं. म्हणून मले त्याले थांबवाच लागलं, अन् अशा गोष्टीनं थांबवाच लागलं का तो पुन्हा निघणारच नाही.

मी म्हटलं, "नका येऊ. तुमाले पाहून अजून हसतील."

त्यानं बाही काढली. शर्ट खुंटीले टांगला, घडी नीट करून.

मंग अंगणात बसून त्यानं रॉकेल अन् वेस्ट कॉटन घेतलं अन् एकेक तार पुसली, जेवण थंड होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी सुपेलाच्या दुकानातून नवीन तारांचं पाकीट आणून टेबलावर ठेवलं. स्वतः लावल्या नाही. पाकिटावर पेपर गुंडाळला होता, हात लागू नये म्हणून.

एकतीसले मी त्याले सांगितलं का फेल झालेल्या सगळ्यांना सरांनी संध्याकाळी एक्स्ट्रा प्रॅक्टिसले बोलावलं, नाही गेली तर नाव कट. आईनं तर तोंडच उघडं टाकलं, म्हणाली आज? बापाच्या मंडपाच्या दिवशी? पण बाबा इस्त्रीचे कपडे घालून, बूट पॉलिश करून तैयार बसला होता शेवटच्या फर्स्ट शिफ्टले जाले, तो म्हणाला, जाऊ दे तिले. माह्यामुळंच राहिलं ना तिचं. काम पयले.

मी साडेचारले निघाली. मंडपवाले खुर्च्या लावून राहिले होते. मोठ्या रस्त्यावर आली तर समोरून ढोल. जीप. बाबा मधात उभा, गळ्यात इतके हार का हनुवटी दिसत नव्हती, डोक्यावर गुलाल. मी स्कूटी वळवून एका पानठेल्याच्या मागं घेतली. पाठीवर गिटार होती, ती लपत नव्हती. जीप समोरून गेली. बाबानं हात वर केला होता. कोणाले केला, मले माहीत नाही. सगळ्यांनाच करत होता तो.

पद्मनाभपुरले मार्बलचं अंगण होतं, स्टेज होतं, लाइटा होत्या. सरांनी मले मागच्या लाइनीत उभं केलं, दोन पोरांच्या मधात. मी विचारलं सर माहा माईक? तर सर वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "तू बस हाथ चला। आवाज़ की ज़रूरत नहीं है।"

दीड तास मी हात चालवला. मले स्वतःलेच ऐकू येत नव्हतं. समोर लोक प्लेटी घेऊन जेवून राहिले होते. दोन स्केल तर मी मुद्दाम चुकीचे वाजवले. कोणीच 'वन' म्हटलं नाही.

बाबाच्या गाण्याचा व्हिडिओ माह्या चुलत बहिणीनं पाठवला. मी तो रस्त्यातच स्कूटी थांबवून पाहिला. मंडपात बाबा माईक धरून उभा हाय. बाजूले एक रिकामी खुर्ची हाय, तिच्यावर कोणाले बसू दिलेलं नाही, एक काकू बसाले गेली तर बाबा हातानं दाखवते का नाही, ती राहू द्या. मंग गाणं सुरू करते. आवाज चांगला हाय त्याचा. पयलं कडवं संपते अन् तो थांबते. उजव्या हातानं मांडीवर हळूहळू ठोकते, एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार. मंग दुसरं कडवं. वर्षभर त्यानं डोक्यात ते गाणं माह्या गिटारसहित बसवलं होतं, अन् गिटारची जागा त्याले काढताच आली नाही. लोकांना वाटलं म्हातारा शब्द विसरला. व्हिडिओत कोणी तरी मागून बोल सांगून राहिलं त्याले. शॉपमधला एक जण हसते. तिसऱ्या कडव्याच्या आधी तो पुन्हा थांबला तेव्हा लोकांनी गाणं संपलं समजून टाळ्या वाजवल्या, अन् त्या टाळ्यांमध्ये त्यानं माईक खाली ठेवून दिला. तिसरं कडवं राहिलंच.

पंधरा दिवसांनी आई सेक्टरच्या मार्केटमध्ये भाजी घेऊन राहिली होती तेव्हा तिले आंटी भेटली. आंटीनं कशी ओळखली माहीत नाही, माह्यासोबत पाहिलं असणार कधी. तिनं आईले बधाई दिली. बेटी पहली बार में पास हो गई, सर की गिटार पे. अजून काय काय सांगितलं ते आईनं मले कधीच सांगितलं नाही, पण अॅक्टिंगचं सांगितलं असणार, कारण घरी येऊन आईनं पिशवी खाली ठेवली अन् जीभ दातात धरून, चष्मा ओढल्यासारखं करून माह्याकडं पाहिलं. एक सेकंद.

बाबा अंगणात पेपर वाचून राहिला होता. आईनं दार लोटलं.

म्हणाली, "त्याले मी सांगणार नाही. तुले वाचवाले नाही सांगत. ग्रीसनं फेल झाली, हे त्याले सहन होऊन राहिलं. हे दुसरं नाही होणार."

मंग भाजी निवडाले बसली. वाटाणे होते. एक मूठ माह्यापुढं ढकलली, सोल म्हणून.

आता आमी उतईले राहातो. रिटायरमेंटनंतर क्वार्टर सोडाच लागते, बाबानं तिथं आधीच छोटं घर बांधून ठेवलं होतं. सरांचा क्लास मी सोडला नाही. सोडणार होती, पण पुढची खुर्ची माही होती. नवीन आलेल्यांना काडीपेटी आता मीच ठेवते पंजावर. आंटीचं येणं मार्चमध्ये बंद झालं. तिच्या खुर्चीवर पण कुंडी हाय.

अन् बाबा स्केल ऐकते अजून. सकाळी अंगणात बसून. मी गाणं वाजवत नाही घरी, कारण त्याच्या हिशोबानं मी अजून पास झाली नाही. पुढच्या महिन्यात, असं मी त्याले दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही.

उतईच्या घराचं गेट लोखंडी हाय, अन् ते वाजते. उघडताना एक सूर, लावताना त्याच्या अर्धा खाली. बी अन् सी सारखे, एकदम चिटकून. दूधवाला आला, वाजते. आई गेली, वाजते. माही प्रॅक्टिस चालू असली का मधातच येते ते अन् माहं चुकते. मागच्या आठवड्यात मी त्रासून बाबाले म्हटलं, बाबा, गेटले जरा तेल टाका ना, डोकं फिरून राहिलं.

त्यानं पेपर खाली घेतला. ग्रीसची डबी त्याच्या मागंच खिडकीत होती, झाकण जाम झालेली. त्यानं तिच्याकडं पाहिलं सुद्धा नाही.

"तू टाक," म्हणाला. "माह्या हातानं काम बिघडते."

मी म्हटलं, बरं. अन् पुन्हा सी मेजर सुरू केलं, पयल्यापासून.